अल्पाका रँचवर नवीन आहात? रोजच्या कामापासून विणीच्या हंगामापर्यंत

अल्पाकांकडे कामाला लागलेल्या नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात एकदा तरी घाम फुटतोच. छान ऊन पडलेलं असतं, तुम्ही कुरणात शिरता आणि समोर एक जनावर कुशीवर आडवं, मान लांब टाकलेली, पाय ताठ, हालचाल शून्य. गेलं, असं वाटून तुम्ही धावत सुटता आणि जवळ पोचल्यावर ते एक कान हलवतं, डोळा किलकिला करून तुमच्याकडे बघतं आणि परत झोपतं. ऊन खात असतं ते. मी पहिल्या महिन्यात असा तीनदा धावलोय, एकदा हातातली पेलेटची, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांची, बादली सांडून.

आता गंमत बघा, हेच आडवं पडणं जर दिवस भरत आलेल्या गाभण मादीचं असेल आणि ती सारखी उठतेय, परत पडतेय, पोटाकडे मान वळवतेय, पाय झाडतेय, तर तिथे गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो आणि मग घरी जाऊन विचार करायला वेळ नसतो, डॉक्टरला लगेच फोन. दोन्ही चित्रं लांबून सारखीच दिसतात. फरक कोणाला कळतो, तर ज्याने ते जनावर रोज बघितलंय त्याला. म्हणून विणीचं सांगायच्या आधी रोजचं काम सांगतो, ते वगळून खाली उडी मारू नका.

थोडक्यात ओळख

उंटाच्या कुळातलं जनावर, मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, विकुना नावाच्या रानटी जनावरापासून काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेलं. मोठं झालं की वजन साधारण ५० ते ८५ किलो, खांद्यापर्यंत उंची जेमतेम तुमच्या कमरेइतकी. दोन प्रकार, हुआकाया म्हणजे तो गुबगुबीत टेडीसारखा, आणि सुरी म्हणजे ज्याच्या अंगावर लोकरीच्या लांब बटा लोंबतात. पिल्लाला जगभर क्रिआ म्हणतात (आपल्या क्रियापदाशी काही संबंध नाही), मी पिल्लूच म्हणणार. आणि हे कळपातलं जनावर आहे, एकटं ठेवलं तर खात नाही, झुरतं, त्यामुळे आजारी जनावर वेगळं काढतानासुद्धा सोबतीला एक द्यायचंच.

सकाळची फेरी

गेट उघडून लगेच आत घुसू नका. बाहेर दोन मिनिटं उभं राहायचं आणि आधी मोजायचं. मग बघायचं कोण बाजूला उभंय, कोणाचे कान मागे पडलेत, कोण रवंथ करतंय, कोण नुसतंच बसलंय. तुम्ही आत गेलात की सगळे अलर्ट होतात आणि आजारी जनावरसुद्धा नॉर्मल असल्यासारखं उभं राहतं. भक्ष्य होणारी जनावरं दुखणं लपवण्यात पटाईत असतात, ही एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा.

मग खाणं. मुख्य खाणं गवत, कुरणातलं किंवा वाळवलेलं. वाळलेलं देत असाल तर दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ६५ किलोच्या जनावराला एक-सव्वा किलो. लसूणघास सगळ्यांना देऊ नका, तो जास्त पौष्टिक असतो, दूध पाजणाऱ्या आणि बारीक झालेल्या माद्यांना थोडा ठीक. पेलेट दिले तर लांबट गव्हाणीत पसरून टाका, कारण यातले काही हावरट असे खातात की घास घशात अडकतो, मग मान ताणणं, तोंडाला हिरवा फेस. बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप सुटतो, पण पहिल्यांदा बघताना जीव जातो. अजून एक, कोंबड्यांचं किंवा गाईंचं खाद्य उरलंय म्हणून यांना घालायचं नाही. त्यात काही वेळा मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात आणि ती या कुळाला विषारी आहेत. पाणी रोज नवीन, बादली घासून.

त्यानंतर शेण, म्हणजे खरं तर लेंड्या. अल्पाकांची हगणदारी ठरलेली असते, अख्खा कळप एक-दोन जागीच जातो, त्यामुळे फावडं आणि ढकलगाडी घेतली की काम पटकन होतं. हे काम कंटाळवाणं समजू नका, रँचवरचा सगळ्यात चांगला रिपोर्ट तिथेच मिळतो. लेंड्या सुट्या, गोल, घेवड्याच्या बीएवढ्या असल्या की ठीक, पातळ शेण दिसलं तर कोणाचं ते शोधा, कोणी कुंथत उभंय का ते बघा. आणि रोज उचललं की जंतांचा त्रास निम्मा तिथेच कमी होतो.

लोकर खोटं बोलते

वरून गुबगुबीत दिसणारं जनावर आत हाडांचा सापळा निघू शकतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या जरा मागे, हात ठेवून कणा चाचपायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंना सरळ उतार लागला तर तब्येत बरोबर, हात आत जातोय आणि कणा धारेसारखा लागतोय तर बारीक, उतार फुगीर तर लठ्ठ. सोबत खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, गडद गुलाबी चांगला, पांढरट दिसला तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. जंताचं औषध मात्र अंदाजाने नाही, लेंड्या तपासून आणि डॉक्टरला विचारून, गाभण मादीला तर अजिबातच मनाने नाही, काही औषधं पोटातल्या पिल्लाला घातक असतात.

पकडायचं कसं? लोकर धरून ओढायचं नाही, दुखतं त्यांना. दोघांनी हात पसरून हळूहळू छोट्या वाड्यात न्यायचं, मग एक हात मानेखालून, एक पाठीवर, आणि शांत उभं राहायचं. हॉल्टर, म्हणजे तोंडावर चढवायची मोरकी, बांधताना नाकाचा पट्टा वर, डोळ्यांच्या जवळ, हाडावर बसला पाहिजे. खाली सरकला तर नाकाच्या मऊ भागावर दाब येतो, आणि ही जनावरं जवळपास पूर्णपणे नाकानेच श्वास घेतात, म्हणजे श्वास कोंडणार, ते घाबरणार आणि तुम्ही म्हणणार हे किती हट्टी आहे.

थुंकण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो, बहुतेक थुंकणं आपसातलं असतं, खाण्यावरून. आधी नुसती हवा, मग तोंडातलं गवत, आणि खरंच चिडलं तर पोटातलं हिरवं, त्याचा वास शर्टातून दोन धुण्यांत जात नाही. गंमत म्हणजे ते हिरवं थुंकणाऱ्यालाही नकोसं होतं, थुंकून झालं की तो खालचा ओठ लोंबता ठेवून बराच वेळ आंबट तोंड करून उभा असतो. तुम्ही दोघांच्या मधे उभे नसलात की झालं.

कडक उन्हाच्या दिवसात पाणी मारायचं तर पोटाखाली आणि पायांवर मारा, पाठीवर नको. पाठीवरची लोकर ओली झाली की उष्णता आत अडकते. बाकी वर्षातून एकदा लोकर कापणं, दर दोन-चार महिन्यांनी नखं, ज्यांचे पुढचे खालचे दात वाढलेत त्यांचे दात, ही कामं अनुभवी माणसाबरोबर करून शिकायची, वाचून नाही.

विणीची तयारी

गर्भारपण साधारण साडेअकरा महिन्यांचं, बहुतेक ३३५ ते ३५० दिवसांच्या दरम्यान वितात, वर्षापर्यंत ताणणाऱ्याही असतात. म्हणून नर दाखवल्याची तारीख वहीत नसेल तर सगळाच अंधार. मोबाईलमध्ये लिहा, भिंतीवर लिहा, कुठेही, पण लिहा. ३२० दिवस झाले की ती मादी नजरेसमोरच्या, स्वच्छ, कोरड्या कुरणात हवी. पोट मोठं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, काही माद्या शेवटपर्यंत कळू देत नाहीत. लसीचं वेळापत्रक डॉक्टरकडून आधीच घ्या, बऱ्याच ठिकाणी विण्याच्या महिनाभर आधी आईला लस देतात म्हणजे चिकातून पिल्लाला संरक्षण मिळतं.

एक डबा तयार ठेवा. स्वच्छ टॉवेल पाच-सहा, हातमोजे, नाळ बुडवायला डॉक्टरने सांगितलेलं औषध आणि एक लहान कप, थर्मामीटर, किलो आणि ग्रॅम दोन्ही दाखवणारा काटा, लुब्रिकंट, पिल्लाचं जाकीट, बाटली आणि निपल, फ्रीजरमध्ये गोठवलेला चीक (अल्पाकाचा नसेल तर शेळीचा किंवा गाईचा), आणि डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात डॉक्टरचा नंबर. हात थरथरत असताना फोनमध्ये नाव शोधता येत नाही, अनुभव आहे.

आज वीत आहे हे कसं ओळखायचं

यांची एक सोय आहे, बहुतेक पिल्लं दिवसाच जन्मतात, सकाळपासून दुपारपर्यंत. म्हणजे रात्र रात्र जागायचं नाही, आणि रात्री किंवा अगदी संध्याकाळी कळा देणारी मादी दिसली तर आधीच सावध व्हायचं, काहीतरी अडलेलं असू शकतं.

खुणा म्हणाल तर मादी कळपापासून बाजूला जाते, सकाळच्या खाण्याला उशिरा येते किंवा येतच नाही, हं हं असा बारीक आवाज करत राहते, उठबस वाढते. आणि सगळ्यात पक्की खूण, हगणदारीवर जाऊन शेपूट वर करून उभी राहते, काहीच होत नाही, परत येते, पाच मिनिटांनी परत जाते. कासेवर विसंबू नका. काहींची कास आठवडाभर आधी भरते आणि सडांच्या टोकाला मेणासारखे खडे दिसतात, पहिलटकरणीची कधीकधी विल्यानंतरच भरते. हा पहिला टप्पा काही तास चालू शकतो.

प्रत्यक्ष विताना

आमच्याकडे एक जुनी मादी आहे, तिला सगळे म्हातारी म्हणतात, तिचं विणं बघून मी शिकलो. सकाळी सव्वानऊला पिशवी दिसली, मग पिशवीतून नाक, मग दोन पाय, एक जरा पुढे, एक मागे. पाण्यात सूर मारतो ना माणूस, तसं. हीच योग्य स्थिती. ती उभ्याउभ्याच वीत होती आणि मधेच, पिल्लाचं डोकं आणि मान लोंबत असताना, चक्क चार पावलं चालून गवत खायला लागली. मी पुढे सरसावलो तर सोबतच्या जुन्या माणसाने माझी कॉलर धरली, म्हणाला, हात खिशात घाल. पिल्लू असं लोंबतं तेव्हा त्याच्या नाकातोंडातलं पाणी खाली निथळतं, ते त्याच्या फायद्याचंच असतं. मग एक मोठी कळ आली, खांदे सुटले, आणि बाकीचं पिल्लू सरसर खाली. नाक दिसल्यापासून जमिनीवर येईपर्यंत पंचवीस मिनिटं.

तर नवीन माणसाचं काम काय, घड्याळ बघणं. नाक किंवा पाय दिसल्यावर वीस ते तीस मिनिटं मादी जोर लावतेय आणि काहीच पुढे सरकत नाही, तर फोन. नुसतं डोकं आहे आणि पाय नाहीत, एकच पाय आहे, शेपूट किंवा मागचे पाय आधी आले, तर थांबायचंच नाही, फोन. ओढाओढी करू नका, आतली जागा लहान असते आणि फाटलं तर मादी हातची जाते.

पहिला तास

नाकातोंडावर पडदा राहिला असेल तर पुसून काढा, बाकी आईला बघू द्या. इथे गाय-म्हैस बघितलेली माणसं गोंधळतात, कारण ही आई पिल्लाला चाटत नाही. जीभच बाहेर येत नाही नीट तिची. ती नाकाला नाक लावते, हुंगते, हं हं करत राहते, आणि कळपातल्या बाकीच्या माद्या पण एकेक करून हुंगायला येतात, लग्नात नवरी बघायला येतात तशा. त्यामुळे चाटत नाही म्हणजे आईने नाकारलं असं समजू नका. ऊन असेल तर पिल्लू आपोआप वाळतं, त्याच्या अंगावरचा पातळ पापुद्रा सुकून गळून पडतो. थंडी किंवा वारा असेल तर टॉवेलने चोळून कोरडं करा.

माझी चूक सांगतो. एकदा ढग आले म्हणून मी पिल्लू छातीशी धरून पळतच शेडमध्ये नेलं. आई मात्र जिथे विली तिथेच, ओल्या गवताला हुंगत, हाका मारत, कारण वास तिथे होता आणि पिल्लू गायब. पाऊण तास गेला दोघांची गाठ घालायला. हलवायचंच असेल तर पिल्लू खाली, आईच्या नाकासमोर धरून हळूहळू मागे चालत जायचं, ती बरोब्बर मागे येते.

मग नाळ औषधात बुडवायची, पहिल्या दिवसात अजून दोन-तीनदा. वजन करायचं, साधारण साडेसहा ते नऊ किलो भरतं, पाचच्या खाली असेल तर डॉक्टरला सांगायचं. तोंडात करंगळी घाला, ऊब लागली आणि चोखलं तर उत्तम, तोंड गार लागलं तर आधी पिल्लू गरम करायचं, मगच दूध, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि फुप्फुसात जायची भीती. थर्मामीटरने ३७.७ ते ३८.९ सेल्सिअसच्या आसपास हवं. कानाची टोकं दुमडलेली, पुढचे दात हिरडीतच, घोटे खाली बसलेले, असं दिसलं तर पिल्लू अपुऱ्या दिवसांचं आहे, त्याला एकटं सोडू नका.

तासाभरात किंवा दोन तासांत ते उभं राहायला हवं. त्याआधी दहा वेळा पडेल, चुकीच्या बाजूने आईला ढुसण्या देईल, पुढच्या पायांमध्ये कास शोधेल. बघवत नाही, तरी बघायचं. चारही सड दाबून मेणाचा खडा निघालाय आणि चीक येतोय एवढं तपासा आणि बाजूला व्हा. दूध लागलं की शेपटी वर पाठीवर येते आणि गिळताना गळा हलतो, नुसती कासेखाली मान आहे म्हणजे पितंय असं धरू नका.

चीक, वार आणि काटा

चार ते सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. या पिल्लांना आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक शक्ती जवळपास मिळतच नाही, सगळी चिकातून, आणि २४ तासांनंतर आतडं ती शोषून घेणं बंद करतं. सहा तास होऊनही प्यायलं नसेल तर डॉक्टरशी बोलून डब्यातला चीक बाहेर काढा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, थोडा थोडा करून. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासून चीक पुरला का ते कळतं आणि नसेल पुरला तर प्लाझ्मा देता येतो.

वार बहुतेक वेळा सहा तासांच्या आत पडते. पडली की टाकून देऊ नका, जमिनीवर पसरून बघा, दोन पायांची पॅन्ट दिसते, एक पाय मोठा, एक लहान. दोन्ही टोकं आहेत का बघायचं, तुकडा आत राहिला तर दोन दिवसांत ताप. लोंबत असली तरी ओढायची नाही.

पहिली शी काळपट, चिकट असते, २४ तासांत व्हायला हवी. पिल्लू शेपटी वर करून नुसतं कुंथत असेल तर डॉक्टरला विचारा.

आणि आता काटा. पहिले दोन आठवडे रोज, एकाच वेळी वजन. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, नंतर दिवसाला दीडशे ते अडीचशे ग्रॅम वाढ हवी. दोन दिवस काटा जागेवर असेल तर पिल्लू कितीही उड्या मारत असो, दूध कमी पडतंय. मला वाटतं रँचवर पैसे कुठे घालायचे असतील तर आधी चांगल्या काट्यात, बाकी सगळं नंतर.

लाड किती करायचे

हा कटू विषय आहे. बाटलीवरचं पिल्लू मागे मागे फिरतं, कुशीत येतं, सगळे फोटो काढतात, आणि ते नर असेल तर दोन-तीन वर्षांनी तुम्हाला दुसरा नर समजून अंगावर येतं, छातीने ढकलतं, चावतं. म्हणून बाटली द्यायची तर कळपातच, आईजवळच, द्यायची आणि निघून यायचं. गोंजारत बसायचं नाही. संध्याकाळी सगळी पिल्लं एकदम चारही पायांवर टणाटण उड्या मारत कुंपणाच्या कडेने धावतात, ते बघा की गेटवर बसून, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

पुढचं

दोन-तीन आठवड्यांनी, सगळं बरं असेल तर, मादी परत नराला दाखवतात. यांना ठरावीक माज नसतो, मीलन झाल्यावरच बीज सुटतं. ती खाली बसली तर तयार, थुंकली आणि पळाली तर बहुधा गाभण, म्हणून नंतरही नर समोर आणून थुंकते का ते बघतात. खात्री मात्र सोनोग्राफीनेच. तारीख वहीत.

पिल्लू साधारण सहा महिन्यांचं झालं की आईच्या दुधापासून तोडायचं, पण आधी वजन आणि आईची पाठ चाचपून. आई फारच बारीक झाली असेल तर थोडं लवकर. एकट्याला तोडू नका, दोन-तीन पिल्लं एकत्र, आणि शक्यतो ओळखीच्या एखाद्या शांत मादीसोबत. पहिले दोन-तीन दिवस कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी हं हं चालतं, रात्री तुमच्यापर्यंत ऐकू येतं, तेव्हा उठून जाऊन त्यांना परत एकत्र करायचा मोह होतो. करू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात हेच पहिल्यापासून. आवाज कमी झाला की पिल्लांना हॉल्टरची सवय लावायला घ्या, रोज दहा मिनिटं, आणि तेव्हाच नखंही बघून ठेवा, तोवर ती वाढलेली असतात.